पुंजाजी फिटरचे साडेचार हात

पुंजाजी फिटरनं मला फसवलं. कापसाच्या जिनच्या मालकाला नाही, सभापतीला नाही, धरणावरच्या साहेबाला नाही. मला फसवलं, रामभाऊ दलालाला, ज्याला त्याच्या आधी कोणी फसवलं नव्हतं आणि त्याच्या नंतरही कोणाची छाती झाली नाही.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे आता नवी रीत निघाली आहे. माणूस गाव सोडून गेला, बरीच वर्षं दिसला नाही, की त्याच्या नावाला हार घालायचा. परवा जुन्या जिनच्या आवारात कसलासा समारंभ होता. व्यासपीठावरचा एक जण म्हणाला, पुंजाजींसारखा कारागीर पुन्हा होणे नाही. बोलणाऱ्यानं जन्मात हाती पाना धरला नसेल. समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले निम्मे त्या हुरड्याच्या दिवशी मळ्यात हजर होते आणि पोट धरून हसत होते. मी उठून बाहेर आलो. घरी येऊन पेटीतली सुतळी काढून पाहिली, ती होती तिथंच होती, आणि मग हे लिहायला बसलो.

मी त्या जिनमध्ये हमाल म्हणून लागलो होतो. पाठीवर कापूस वाहता वाहता कापूस ओळखायला शिकलो आणि हमालाचा दलाल झालो. कोणाच्या ओळखीनं नाही, की वाडवडिलांच्या नावानं नाही. शेतकऱ्याची गाडी आली की बाकीचे दलाल वरचा कापूस चोळून बघायचे. मी कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा मूठभर काढायचो. वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात. माणसांच्या बाबतीतही मी तसाच हात खुपसत आलो. पुंजाजीच्या तळाशी मात्र माझा हात कधी पोचला नाही, आणि हीच माझी मूळ तक्रार आहे.

दिसायला तो काहीच नव्हता. अंगानं काडी, कान मोठे, खाकी चड्डीला वंगणाचा इतका थर की ती काढून ठेवली तर उभी राहिली असती. डोक्यावरची टोपी मात्र रोज धुतलेली, पांढरीशुभ्र. जिनमधले सरकी काढणारे सगळे रेचे, ते फिरवणारं इंजिन, पट्टे, सगळं त्याच्या हाताखाली. खिशात कायम एक सुतळी. जवसाच्या तेलात मुरवलेली, हाताहातावर गाठ आणि मध्ये पावापावाला बारीक दोरा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, जुन्या लोकांचा. एकदा मी खोचून विचारलं, हात कोणाचा धरलास बे, तुझा का माझा? तो म्हणाला, माझाच, पण मालकाच्या लोखंडी गजाशी ताडून घेतला आहे. वर म्हणाला, गज दोऱ्याच्या जाडीनं चुकते.

मालकाचा गज चुकतो आणि याचं कोपर बरोबर. असा हा माणूस.

मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला होता त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. मापांचा सगळा गोंधळ चालू होता. सरकार म्हणे मीटर, साहेब म्हणे फूट, म्हातारे म्हणत हात. शेरातून किलोत जाता जाता किती जणांनी किती जणांना लुबाडलं ते मला विचारा. त्या गोंधळात मी माझं घर उभं केलं. आणि हा पुंजाजी तेवढ्या सगळ्या गोंधळात एकच प्रश्न विचारत फिरायचा, 'कुठून धरू?'

कोणी विचारलं, फिटर, उंद्री इथून किती असंल? तो विचारणार, कुठून धरू, जिनच्या फाटकापासून का चावडीपासून? आणि उंद्रीत कुठपर्यंत, वेशीपर्यंत का मारुतीपर्यंत? विचारणारा तोवर दुसऱ्याला विचारून निम्म्या वाटेला लागलेला असायचा. भाकरी किती खाशील म्हणून बायकोनं विचारलं तर हा आज भाकरी केवढी थापली आहे ते आधी बघायचा. लोक याला हुशारी म्हणत. माझ्या मते हा अडाणीपणाचा एक उंची प्रकार आहे. जगाचा व्यवहार 'असंल तितकंच' या दोन शब्दांवर चालतो, आणि याला ते येत नव्हते.

त्याच्या मुलीची सोयरीक मी आणली होती. रोहिणखेडची माणसं, सरळ, चहा पिऊन खुश झालेली. पाहुण्यानं सहज विचारलं, जमीन किती? आता अशा वेळी बाप माणूस एक आकडा फेकतो, समोरचा मनातल्या मनात तो कमी करून घेतो, आणि दोघंही समाधानानं पान खातात. पुंजाजी म्हणाला, बांध धरून सांगू का बांध सोडून? पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बांधाचा हिशेब सांगणारा माणूस नक्की काहीतरी झाकतो आहे, असं त्यांनी ठरवलं आणि पुन्हा आले नाहीत. मी त्याला फाटकाशी गाठून बोल बोल बोललो. तो म्हणाला, 'खोटं काय बोल्लो मी, रामभाऊ?' म्हटलं, खोटं बोलला असतास तर पोरगी उजवली असती.

पण जिनमध्ये त्याचा शब्द चालायचा. हे मला कबूल करावं लागतं. एका हंगामात गाड्यांची रांग थेट सडकेपर्यंत लागली होती आणि यानं इंजिन बंद केलं. कान लावून म्हणाला, बेअरिंग बोलून राह्यलं. मालक, म्हणजे आमचे अण्णा, तालेवार माणूस, पन्नास लोकांसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. शेतकरी बोलले. मी तर सगळ्यांत जास्त बोललो, कारण त्यातल्या निम्म्या गाड्या माझ्या होत्या. पुंजाजी नट काढत राहिला. अर्ध्या दिवसानं त्यानं बेअरिंग काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. उभी चीर गेली होती. आणखी तासभर चाललं असतं तर पट्टा सुटून दोन हमाल गेले असते. त्या दिवसापासून पुंजाजीनं चालू करा म्हटलं की चालू व्हायचं आणि थांबा म्हटलं की थांबायचं. त्याच्यामागून कोणी पुन्हा मोजून बघायचं नाही, हा जिनचा कायदा झाला. दुसरबीडला अण्णा नवं जिन टाकत होते. तिथं सगळ्या मशिनींवर पुंजाजीलाच नेमायचं हेही बोलून झालं होतं. त्याची सगळी कमाई म्हणजे तो एवढा एक शब्द. बाकी त्याच्याजवळ बांध धरून किंवा सोडून काही नव्हतं.

आता बंदुकीचं. मोताळ्याकडे धरणाचं काम चालू होतं आणि तिथं मुंबईचा एक साहेब होता. त्याच्याजवळ मासे मारायची बंदूक होती, परदेशातून आणलेली. दारू नाही, गोळी नाही. लांब नळी, नळीवर लोखंडी सळई, सळईच्या टोकाला उघडमीट करणारा आकडा, आणि ती फेकायला जाड रबर. रबर मागं ओढून अडकवायचं, पाण्यात तोंड धरून चाप ओढायचा. सळईला दोरी बांधलेली, म्हणजे मासा घेऊन ती परत हातात येते. आमच्या उन्हानं साहेबाच्या रबराचा भुगा झाला होता. सगळ्यांनी त्याला पुंजाजीकडं धाडलं. पुंजाजीनं ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दुहेरी रबर बसवलं. इथपर्यंत ठीक होतं. पण साहेब बोलता बोलता म्हणाला की हिचा मार वीस फूट आहे, पुस्तकात तसं छापलं आहे.

पुंजाजीनं विचारलं, 'कुठून धरू साहेब?'

साहेबानं उत्तर दिलं नाही, म्हणून यानं स्वतः मोजायला घेतलं. प्रत्येक जिनमध्ये आग लागली तर म्हणून पाण्याचा मोठा हौद असतो. चार दिवस, काम सुटल्यावर आणि उन्हं उतरायच्या आत, हा माणूस त्या हौदात गळ्याइतक्या पाण्यात उभा. पांढरी टोपी डोक्यावर तशीच. समोर काठीला टांगलेला मशिनीच्या जुन्या पट्ट्याचा जाड तुकडा, दोन दिवस भिजवलेला, कारण म्हणे माशाचं अंग कोरडं नसतं. सुतळीनं अंतर धरायचं, चाप ओढायचा, सळई किती घुसली ते बघायचं, बाहेर येऊन हौदाच्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची, आणि पुन्हा आत. एक हात, दोन हात, असं आठ हातांपर्यंत. हमाल काठावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात बघायचे. एकानं विचारलं, फिटर, पट्टा शिजवून खाता का भाजून? तो हसलासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी त्यानं साहेबाला भिंत दाखवली. चार हातांवर सळई पट्ट्याच्या पार जात होती. साडेचारवर आकडा पलीकडे जाऊन जेमतेम उघडत होता. पाचवर टोक रुतायचं पण आकडा अलीकडेच राहायचा, म्हणजे मासा जखमी होऊन निसटणार. सहावर सळई नुसती टेकायची. त्याच्यापुढं पोचायची आणि खाली बसायची. साहेब म्हणाला, पण वीस फुटांवर सळई जाते ना? पुंजाजी म्हणाला, 'जाते. जानं येगयं अन् मारनं येगयं. हिचा मार साडेचार हात.' वर आणखी एक सांगितलं की हे नितळ पाण्यातलं; गढूळ पाण्यात दोन हात दिसत असंल तर मार दोनच हात धरायचा, बंदूक डोयाच्या पुढं मारत नसते.

साहेबाचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याचं सर्टिफिकेट खोटं ठरवलं. बंदूक काखोटीला मारून निघून गेला. महिन्याभरात त्याची बदली झाली. पण पुंजाजीच्या हातात तो नमुना बसला होता. त्यानं सागवानाचा दस्ता आणि पंपाची नळी घेऊन तशीच दुसरी बनवली, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

ती मी पाहिली आणि मला ती हवी झाली. त्या काळात मी अण्णांच्या बैठकीत बसायला लागलो होतो. तिथं येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर एक बंदूक आणि तिच्याखाली एक खोटी गोष्ट टांगलेली असायची. मला लायसन कोण देणार? ही बंदूक बिनलायसनची होती. दाम त्यानं सांगितला तो मी मुकाट दिला, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. घासाघीस झाली ती माराची.

मी विचारलं, मार किती? म्हणाला, साडेचार हात. आता आमच्या धंद्यात पहिला आकडा हा आकडाच नसतो. विकणारा चढवून बोलतो, घेणारा उतरवून बोलतो. आणि एखादा आपल्याच मालाची नालस्ती करायला लागला तर समजायचं की माल चांगला आहे, याला तो सोडवत नाही. शिवाय माझं लक्ष दोरीवर होतं. सळईला बांधलेली दोरी मी हातावर मोजली. बारा हात भरली. साडेचार हात मारणाऱ्या हत्याराला कोणता शहाणा बारा हात दोरी बांधेल? मी त्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, मासा लागल्यावर पळतो, त्याला पळायला दोरी लागते. उत्तर तयारच होतं. तयार उत्तर म्हणजे मला नेहमी तळातला ओला कापूस वाटत आलेला आहे.

शेवटी मी खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बाजारात खरा भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, चारचौघांत कळू नये म्हणून. म्हटलं, पुंजाजी, आता इथं कोणी नाही. खरा आकडा सांग. त्यानं माझी चार बोटं दाबली, आणि पाचव्याचं अर्धं पेर. मी त्याचा हात सोडला नाही. पाच बोटं आणि वर तीन, आठ दाबली. त्यानं पुन्हा तीच चार आणि अर्धं. मी सात केली. त्यानं रुमालातून हात काढून घेतला.

'हा काई कापूस नाही, रामभाऊ,' तो म्हणाला. 'तुमी घासलं म्हनून रबर जास्त थोडीच ओढीन. अन् आणखीन एक. पान्यात हाये त्याच्याहून जवय दिसते. तीन हात दिसलं त चार धरा. एवढं ध्यानात ठेवा म्हंजे झालं.'

इथं माझं डोकं पुरतं फिरलं. आमच्याकडे कापूस मोजताना व्यापारी ओलीचा म्हणून, कचऱ्याचा म्हणून थोडं वजन कापतो, त्याला कडता म्हणतात. ओल किती हे कापणाराच ठरवतो. मीही कडता कापलेला आहे, नाही म्हणत नाही. त्यामुळं कोणी कडता सांगायला लागला की तो कशासाठी सांगतो ते मला पक्कं ठाऊक. आधी मार निम्मा सांगायचा, वरून पाण्याचा कडता कापायचा, म्हणजे मी निराश होऊन बंदूक परत ठेवीन. मी मनात आठ हात धरले, कडता झटकून टाकला, आणि बंदूक घेऊन घरी आलो. त्या दिवशी मला वाटलं होतं की पुंजाजीवर मात केली ती एकट्या मीच.

पुढच्या पौषात अण्णांच्या मळ्यात हुरडा होता. पंचायत समित्या नव्या निघाल्या होत्या आणि नवे सभापती पाहुणे होते. आगटीत कणसं भाजत होती, लसणाची चटणी, वांग्याचं भरीत, दही, सगळा सरंजाम. या लोकांना हुरडा खायलाही सतरंजी आणि लोड लागत. जिनची माणसंही बोलावली होती, पुंजाजी त्यांच्यात एका कडेला बसला होता. मळ्यातल्या विहिरीत एक म्हातारी मरळ होती, मांडीएवढी. बांधीव विहीर, पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या, आणि समोरच्या भिंतीत एक कपार. त्या कपारीत ती राहायची. जाळं लावलं तर आत घुसायची, गळाला तोंड लावत नव्हती. अण्णांनी माझ्या बंदुकीची गोष्ट काढली. मीच त्यांना महिनाभर ती ऐकवत होतो. सभापती म्हणाले, दाखवा की मग.

सगळे विहिरीवर आले. पाणी काचेसारखं. मी धोतर खोचून पाण्यातल्या तिसऱ्या पायरीवर उतरलो. पाणी कमरेला आलं. बंदुकीचं तोंड पाण्यात बुडवलं. मरळ कपारीच्या तोंडाशी होती, कल्ले हलत होते, मला एकेक खवला दिसत होता. मी डोळ्यानं अंतर धरलं. फार तर साडेचार हात. म्हणजे मी धरलेले आठ सोडा, पुंजाजीनं सांगितलेला हलका आकडा धरला तरी ती मारात होती.

वरून पुंजाजीचा आवाज आला, हळू, मला ऐकू येईल इतकाच. 'ती दम घ्याले वर येते. येऊ द्या तिले.'

मरळ श्वास घ्यायला पाण्यावर येते, हे खरं आहे. पण काठावर सभापती उभे, अण्णा उभे, पन्नास माणसं श्वास रोखून उभी. अशा वेळी मी माशाच्या श्वासाची वाट बघत बसू? मी चाप ओढला.

सळई सरळ गेली. कपारीजवळ पोचली, दगडाला टेकावी तशी टेकली, आणि आडवी होऊन खाली बसली. मरळीनं शेपूट हलवून तोंड फिरवलं, घाईनं नव्हे. मी तिची पाठ पाहत राहिलो.

पहिलं हसू सभापतींचं. 'काहो दलाल, मासा काय कापसाच्या गासडीत घुसला का?' मग सगळे. अण्णाही हसले. पाण्यात कमरेपर्यंत भिजलेला मी, हातात ओल्या दोरीचा गुंता, आणि वर दातांच्या पन्नास रांगा. हमाल होतो तेव्हाही माझ्यावर असं कोणी हसलं नव्हतं. मी वर आलो आणि सरळ पुंजाजीसमोर उभा राहिलो.

'या फिटरनं मले फसवलं,' मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. 'साडेचार हात मार म्हणे. समोर साडेचारावर मासा होता, सळई त्याले शिवलीबी नाही. याचं मापच खोटं आहे. सुतळी खोटी अन् शब्दबी खोटा.'

पुंजाजीच्या हातात भाजलेलं कणीस होतं. त्यानं विचारलं, 'कुठून धरलं तुमी?'

'डोयानं धरलं. आंधया हाओ का मी?'

यावर तो काही बोलला असता तर मी आणखी बोललो असतो, हातघाईवरही आलो असतो, आणि गोष्ट तिथंच संपली असती. भांडण झालं की माणसं विसरतात. पण तो बोललाच नाही. त्यानं कणीस खाली ठेवलं. लोक भरीत खायला वळले होते तेवढ्यात हा विहिरीत उतरला. मी कपडे पिळता पिळता पाहत होतो. पाण्यातल्या त्याच तिसऱ्या पायरीवर, मी उभा होतो तिथं, कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. सुतळीचं टोक वेळूच्या लांब काठीला बांधून कपारीच्या ओठाला टेकवलं. सुतळी ताणून माझ्या बंदुकीचं तोंड होतं तिथंवर आणली. एक गाठ मारली. गुंडाळून खिशात घातली. वर आला, टोपी सारखी केली, आणि कोणालाही, एका माणसालाही, ती सुतळी न दाखवता घरी निघून गेला.

जेवताना अण्णा म्हणाले, पाण्यातल्या हातभर मापात जो चुकतो त्याच्यावर माझं इंजिन कसं सोडू? सहज बोलले असतील. मोठ्या माणसांचं सहज बोलणं दुसऱ्याच्या पोटावर येतं. चार दिवसांनी त्यांनी अकोल्याहून एक फिटर आणवला, पुंजाजीनं बसवलेले रेचे पुन्हा तपासायला. त्या पोरानं सगळं तपासलं, सगळं बरोबर निघालं. पण तोवर पुंजाजी हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन गेला होता. ज्या दिवशी त्याच्यामागून दुसऱ्यानं माप धरलं, त्याच दिवशी. पगारासाठी थांबला नाही, निरोपासाठी नाही. दुसरबीडच्या जिनवर तो अकोल्याचा पोरगा लागला.

जिनच्या चौकीदारानं मला एक दिवस हाक मारली आणि सुतळीचं बंडल हातात ठेवलं. फिटर तुमच्यासाठी ठेवून गेला, म्हणाला. मी विचारलं, काय बोलला? चौकीदार म्हणाला, 'मी त्याले इचारलं, काय सांगू म्हणून. त म्हणे, काई नको, रामभाऊले मोजता येते.'

मी ते बंडल पेटीत टाकलं आणि वर्षभर पेटीकडं पाहिलं नाही. पुढच्या पौषात, अण्णा मुंबईला गेले असताना, एका दुपारी मी एकटाच मळ्यात गेलो. तिसरी पायरी. वेळूची काठी. सुतळीचं टोक कपारीच्या ओठाला लावलं आणि ताणून घेतली. त्यानं मारलेली नवी गाठ बरोबर माझ्या पोटासमोर आली, बंदुकीचं तोंड होतं तिथं. जुन्या गाठी मी बोटानं मोजल्या. एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या. सहा हात. आणि मान उचलून डोळ्यानं पाहिलं तर कपार अजूनही साडेचारावरच दिसत होती. तीन दिसले तर चार, साडेचार दिसले तर सहा. मग मी साडेचार हातांवर दगड बांधून एक भोपळा पाण्यात टांगला आणि चाप ओढला. सळई आरपार गेली, आकडा पलीकडं उघडला. आणखी अर्धा हात मागं सरलो तर आकडा अलीकडंच राहिला.

तुम्ही विचाराल, मग हे अण्णांना सांगितलं का? तो प्रश्न मला विचारू नका. अण्णांचं नवं जिन चालू झालेलं होतं, त्यांना मासाही आठवत नव्हता.

पुंजाजीला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. जालन्याला जाताना बस दुसरबीडला थांबली होती. सडकेच्या कडेला, अण्णांच्या जिनच्या फाटकासमोरच, एका झाडाखाली त्यानं पंपदुरुस्ती मांडली होती. खाकी चड्डी तीच, टोपी तशीच पांढरी. एक शेतकरी त्याला काहीतरी सांगत होता, विहिरीची खोली सांगत असावा, हात पसरून. पुंजाजी नळीवर नवी सुतळी अंथरून बसला होता. त्यानं मान वर करून त्या शेतकऱ्याला काहीतरी विचारलं. काचेतून ऐकू आलं नाही, पण त्या ओठांवरचे दोन शब्द मला ऐकायची गरज नव्हती. शेतकरी वैतागला आणि जिनकडे बोट दाखवून म्हणाला असावा, तिथल्या फिटरला विचारतो. पुंजाजी पुन्हा नळीकडे वळला. बस बराच वेळ थांबली होती. लोक उतरून चहा पिऊन आले. मी उतरलो नाही.

मी का उतरू? फसवलं त्यानं. मापात नव्हे, मापात त्याला फसवता येतच नव्हतं, तेवढी अक्कल देवानं त्याला दिली नव्हती. पण जिथं मी उघड्यावर खोटं बोललो, पन्नास माणसांसमोर, तिथं माझं खोटं खोडायचं साधन याच्या खिशात होतं आणि यानं ते खिशातच ठेवलं. एकदा सुतळी वर धरली असती तर लोक माझ्यावर पुन्हा हसले असते, मी त्याला शिव्या दिल्या असत्या, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन चहा प्यालो असतो. माझा स्वभाव सगळ्या गावाला माहीत आहे, त्यालाही माहीत होता. बेअरिंगाच्या वेळी अर्ध्या दिवसानं का होईना, त्यानं चीर दाखवली होती. माझ्या वेळी दाखवली नाही. मला मोजायला वर्ष दिलं, आणि मोजून झाल्यावर सांगायला समोर कोणी ठेवलं नाही.

पुंजाजी, तू जिवंत असशील तर ये आणि याचा जाब दे. त्या दिवशी सुतळी वर का धरली नाहीस? मळा अजून आहे, विहीर आहे, मरळ नसेल. सुतळी माझ्याजवळ आहे. आणि येऊन मला कुठून धरू असं विचारू नकोस. पाण्यातल्या तिसऱ्या पायरीवरून धर.